बुडवलं काय, शिंपडलं काय

फोन आला तेव्हा नळाला पाणी होतं. सोलापुरात आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की हातातलं काम टाकायचं आणि पिंप, घागरी, बादल्या, पातेली, जे रिकामं दिसेल ते भरून घ्यायचं. फोन साळव्यांचा होता. साळवे आमच्या चर्चच्या कमिटीतले जुने पंच, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, "पाळकबाई, घरात कोन हाय का जवळ?" मी नाही म्हटलं. मागून बायकांचा आवाज येत होता. "पाळकसाहेब गेले, बाई," ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पिंप अर्धं भरलं होतं, ते भरू दिलं. मग दोन घागरी भरल्या, तोटी बंद केली, ओला पदर पिळला आणि बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले. शेजारच्या पद्मक्का धावत आल्या तेव्हा मी तशीच बसले होते. त्या आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या, "नवरा गेला म्हणून कळलं तरी ही बाई पाणी भरीत होती बघा." खरंच भरत होते. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नव्हतं.

हे त्या दिवशी पलीकडच्या भागात एका म्हाताऱ्या विणकराच्या घरी प्रार्थनेला गेले होते. तो माणूस अंथरुणाला खिळलेला. त्याच्या घरी सगळे तेलुगू बोलतात, आणि ह्यांना तेलुगूचं एकच वाक्य येत होतं, "देवुडु उन्नाडु", म्हणजे देव आहे. ते एवढंच म्हणायचे आणि बाकीची प्रार्थना मराठीत करायचे. त्या दिवशी तेवढंसुद्धा म्हणायला मिळालं नाही. दारातल्या पायरीवर बसून बूट काढायला लागले. एका पायातला काढला, दुसऱ्याची नाडी सोडता सोडता भिंतीला टेकले. घरातल्यांना वाटलं, दमले असतील. आत चहा ठेवला होता.

माणसं जमली. बायका मला धरून बसल्या. म्हाताऱ्या सोनाबाई म्हणाल्या, "रडा बाई, रडलं म्हंजी हलकं वाटतंय." मी प्रयत्न केला. डोळ्यांतून काही येईना. मग त्यांनी माझ्या वतीनं रडून घेतलं. संध्याकाळच्या सुमारास आमोस आला. आमोस आमचा एकुलता मुलगा. टेंभुर्णीला राहतो, उजनी धरणाच्या पाणलोटाकाठी शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. गाडीवरून आला होता, केसांत धूळ होती. त्याला पाहून चर्चमधली माणसं बाजूला झाली, पण त्याच्याशी कुणी फारसं बोललं नाही. दफन झालं तेव्हा त्यानं माती लोटली, तेव्हाही तो एका कडेला आणि मंडळी दुसऱ्या कडेला अशीच उभी होती. कारण दोन वर्षांपूर्वी त्याचं नाव ह्यांनीच चर्चमध्ये उभं राहून वाचलं होतं, आणि प्रभुभोजनातून काढलं होतं. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा तो विधी. त्यात बसता येत नाही तो माणूस मंडळीत असून नसल्यासारखा.

मला सारखं तेच आठवतं, म्हणून लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहायला वेळ लागतो. वेळ आता पुष्कळ आहे. नवीन पाळक येईपर्यंत या घरात राहा, असं कमिटीनं सांगितलं आहे.

मी नातेपुत्याकडची. माझं लग्न झालं तेव्हा हे खेड्यांवर होते, सायकलवर बायबल आणि पंप बांधून गावोगाव जायचे. सोलापुरात बदली झाली आणि इथंच राहिलो. पाळकाच्या बायकोनं महिला मंडळ चालवावं, पुढं होऊन प्रार्थना करावी अशी लोकांची अपेक्षा असते. मला चार माणसांत बोलता येत नाही. पहिल्या वर्षी बायकांनी मला उभं केलं. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. घरी आल्यावर मी म्हटलं, "तुमची मान खाली गेली." हे म्हणाले, "खाली कशाला जाईल? एका घरात एक बडबड्या पुरे." त्यानंतर त्यांनी मला कधी उभं केलं नाही आणि दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

सकाळी पेपर आला की हे स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायचे. मी भाकरी थापायची, हे बातम्या वाचायचे आणि मध्ये मध्ये आपलं बोलायचे. पाण्याची नवी पाइपलाइन येणार अशी बातमी दर थोड्या दिवसांनी असायचीच. "मोशेनं खडकावर काठी मारली आणि पाणी निघालं," हे म्हणायचे, "त्याला टेंडर काढायला लावलं असतं ना, तर इस्राएली लोक अजून वाळवंटातच असते." निवडणुकीच्या दिवसांत सगळ्या पक्षांची माणसं चर्चच्या फाटकाशी येऊन हात जोडायची. हे सगळ्यांना चहा पाजायचे आणि सगळ्यांना एकच सांगायचे, "मतं माझ्या खिशात नाहीत, पण नळाचं तेवढं बघा." अपघात झाला, कुठं आग लागली, ऊसतोड्यांचा ट्रॅक्टर उलटला, की ती बातमी कापून ठेवायचे आणि रविवारी त्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना करायचे. साळव्यांना ते आवडायचं नाही. "आपली माणसं आजारी हायत ती ऱ्हायली बाजूला," ते म्हणायचे, "पाळकसाहेब, ह्ये चर्च हाय का वार्तापत्र?" हे हसायचे. "साळवे, पेपरवाल्यानं त्यांची नावं एकदा छापली. देवापुढं कुणीतरी एकदा घ्यायला नको?"

आणि रविवारी पाणी आलं तर विचारूच नका. सोनाबाई पहिल्या बाकावर फोन हातात धरून बसायच्या. शेजारीण फोन करायची, फोन थरथरायचा, सोनाबाई उठायच्या, आणि त्यांच्या मागून अर्ध्या बायका उठायच्या. पहिल्या पहिल्यांदा ह्यांना वाईट वाटायचं. मग एकदा उपदेशातच थांबून म्हणाले, "प्रभू म्हणतो, तान्हेल्यांनो, माझ्याकडे या. आणि आमचे तान्हेले उठून घरी निघालेत." सगळं चर्च हसलं. सोनाबाई दारातून म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्यो परभू रोज येतो, नळ रोज येत न्हाय!" तेव्हापासून पाण्याचा दिवस असला की हे आधीच सांगायचे, "आज पाणी आहे, उपदेश आखूड करतो."

आमोस आम्हाला उशिरा झाला. त्याच्या आधी दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे हा जगेल की नाही अशी धास्ती होती. बाळाला महिना झाला आणि ह्यांनी स्वतःच्या हातांनी त्याला बाप्तिस्मा दिला. आमच्याकडे तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा होतो. पाळक ओंजळीत पाणी घेऊन बाळाच्या डोक्यावर तीनदा शिंपडतो. त्या दिवशी नळ नव्हता. माझ्या घागरीतलं पाणी तांब्यात घालून नेलं होतं. ह्यांची पहिली ओंजळ माझ्या साडीवरच सांडली. दुसऱ्यांदा पाणी घेऊन त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाळ रडलंच नाही. ते बघत राहिलं.

तोच आमोस मोठा झाला, मोटार रिवायंडिंगचं शिकला, टेंभुर्णीला खोली घेऊन राहायला लागला. तिकडे काठावरच्या गावात एक प्रार्थनासभा चालते. त्यांचे पास्टर तरुण, गिटार वाजवणारे. त्यांच्यात लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत. माणसानं स्वतः कळत्या वयात पाण्यात पूर्ण बुडी घ्यायची, तोच खरा. आमोस त्यांच्यात रमला. घरी आला की तो त्यांच्या गोष्टी सांगायचा, हे ऐकून घ्यायचे. कधी वाद घालायचे, पण हसत. "गिटार आम्हीपण आणू, पण वाजवणारा टेंभुर्णीला पळालाय." एवढंच.

मग एका रविवारी दुपारी सोनाबाईंच्या नातवानं आम्हाला फोन दाखवला. आमोसनं स्टेटसला फोटो टाकला होता. तो छातीभर पाण्यात उभा, दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरलेला, पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, डोळे मिटलेले आणि हसत असलेला. खाली लिहिलं होतं, आज मी नवा जन्म घेतला. सकाळपासून सगळ्या मंडळीनं ते पाहिलं होतं. आम्हीच तेवढे राहिलो होतो. ह्यांनी फोन हातात घेतला, मोठा करून बघितला. म्हणाले, "पाणी बरंच आहे की यंदा उजनीत." फोन परत दिला आणि जेवायला बसले. जेवले काहीच नाहीत.

इथं साळव्यांची गोष्ट सांगायला पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या मुलीनं, शीलानं, असाच दुसरा बाप्तिस्मा घेतला होता. शीला नर्स आहे. तिला हॉलमध्ये प्लास्टिकच्या टाकीत बुडवलं होतं. आमच्या मंडळीचा जुना नियम आहे, दुसरा बाप्तिस्मा घेईल त्याचं नाव प्रभुभोजनातून काढायचं. कमिटीनं ठरवलं आणि ह्यांनी शीलाचं नाव मंडळीपुढं वाचलं. साळवे पहिल्या बाकावर होते, मान वर केली नाही. पुढं शीला चर्चला यायची बंद झाली, नाताळलासुद्धा येईना. साळवे तिच्याबद्दल कुणाजवळ बोलले नाहीत.

आमोसच्या फोटोनंतर साळवे आमच्या घरी आले. बसले नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, "पाळकसाहेब, मी काय मागायला आलो न्हाय. नियम सगळ्यास्नी एकच, येवढंच."

"एकच," हे म्हणाले.

"तुमचा मुलगा म्हणून..."

"साळवे, एकच म्हटलं ना."

पुढच्या रविवारी हे उभे राहिले. निवेदनं वाचली. अमक्याच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना, अमकीचं ऑपरेशन झालं, त्याच आवाजात पुढे आमोसचं नाव वाचलं, माझं आडनाव लावून, म्हणजे त्यांचंच आडनाव. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आणि आज पाणी आहे. उपदेश आखूड करतो." कुणी हसलं नाही. सोनाबाईंचा फोन थरथरला तरी त्या उठल्या नाहीत.

आमोसला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला त्यांच्या टेबलाची गरज नाही. पण पप्पांनी स्वतः वाचलं? दुसऱ्या कुणाला वाचायला नाही दिलं?" मी म्हटलं, स्वतः वाचलं. त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो सणाला यायचा, माझ्या हातचं जेवायचा आणि संध्याकाळी जायचा. बाप-लेक एकमेकांना सलाम करायचे. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात. एवढंच बोलणं. प्रभुभोजनाच्या रविवारी हे टेबलामागं उभे राहून भाकर मोडायचे आणि नजर दाराकडे जायची. मी शेवटच्या बाकावर बसते, तिथून मला ते दिसायचं.

यंदा ईस्टरच्या आधी एक दिवस सकाळी हे पेपर वाचत होते आणि एकदम थांबले. मी भाकरी उलटत होते. म्हटलं, काय झालं? त्यांनी वाचून दाखवलं. पाणलोटाच्या काठी मोटार बाहेर काढताना विजेचा धक्का लागून मेकॅनिकचा मृत्यू. टेंभुर्णी भागातला तरुण, नाव समजू शकले नाही. मी आमोसला फोन लावला. लागला नाही. परत लावला, नाही लागला. ह्यांनी चप्पल घातली. "चहा तरी..." मी म्हटलं. ते तोवर फाटकाबाहेर होते. एसटी स्टँडवरून मिळेल ती गाडी धरून टेंभुर्णीला गेले, तिथून एका ट्रॅक्टरवाल्याच्या मागं बसून काठावर.

पुढचं मला दोघांनी सांगितलं, दोघांनी थोडं वेगवेगळं. ह्यांनी सांगितलं ते असं. केळीच्या बागेतून खाली उतरलो तर हा कमरेभर पाण्यात, कुणाची तरी मोटार दोराला बांधून ओढतोय. फोन काठावर शर्टात गुंडाळून ठेवलेला. मला बघून म्हणाला, "पप्पा, तुम्ही इकडं कुठं?"

"पेपर वाचून आलो."

त्याला कळलं. तो म्हणाला, "तो माझ्याबरोबरच शिकला होता, पप्पा. काल त्याच्या घरी जाऊन आलो." आणि परत दोर ओढायला लागला. मग हे पाण्याच्या कडेला उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं. आमोस म्हणाला, "धुऊ नका, हिरवं झालंय ते."

"हेच तर नळाला येतं आमच्या. पाच दिवसांनी येतं, पण हेच येतं." मग म्हणाले, "तुझ्या आईच्या घागरीत हेच पाणी होतं त्या दिवशी. मी तीन ओंजळी घातल्या, तुझ्या पास्टरनं आख्खं बुडवलं. बुडवलं काय, शिंपडलं काय, पाणी उजनीचंच रे."

आमोस म्हणाला, "पाण्यानं काय होतंय पप्पा? विश्वास लागतो."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?"

आणि तो हसला, असं ह्यांनी मला सांगितलं. चिखलाचा हात माझ्या सदऱ्याला लावून हसला म्हणाले. आमोसनं मला सांगितलं ते असं, की पप्पा तोंड धूत नव्हते. पप्पा रडत होते आणि पाणी मारत होते. कोणतं खरं ते मला माहीत नाही. सदऱ्यावर चिखल होता हे मात्र खरं, मी तो धुतला.

ईस्टर झाल्यावर ह्यांनी कमिटीत विषय काढला. आमोसचं नाव परत घ्या, असं ते म्हणाले नाहीत. नियमच काढून टाका, सगळ्यांसाठी, असं म्हणाले. घरी येऊन मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. बाकीचे तयार होते. साळवे उठून उभे राहिले. "शीलाच्या टायमाला ह्यो इचार कुटं हुता, पाळकसाहेब? माझी लेक गेली तवा नियम हुता, तुमचा लेक गेला तवा नियम वाईट झाला व्हय?" "खरं बोलला तो," असं हे मला म्हणाले. "अगदी खरं. मी त्याच्या जागी उभा राहीपर्यंत मला दिसलंच नाही." विषय पुढच्या बैठकीवर गेला. हे म्हणाले, साळव्यांच्या घरी जाऊन शीलाला भेटतो, आधी तिच्याशी बोलतो, मग बैठक. ती बैठक झाली नाही. त्याच्या आतच पायरीवर बूट काढायला बसले.

म्हणजे माझ्या मनात एवढंच राहिलं होतं, की आमोसनं बापाच्या चर्चमध्ये परत भाकर घेतली नाही. मला दुःख होतं असं म्हणता येत नाही. जेवत होते, झोपत होते, भांडी घासत होते. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे चालायचे. फक्त ही एक गोष्ट दाताखालच्या खड्यासारखी लागायची.

ह्यांच्यानंतरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार आला. बाहेरगावचे एक पाळक आले होते. आमोसला मी बोलावलं नव्हतं, तोच सकाळी आला. म्हणाला, "आई, तू एकटी बसशील म्हणून." माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसला. पाहुण्या पाळकांनी भाकर मोडली, प्रार्थना केली. आमच्याकडे पंच लोक ताट घेऊन बाकाबाकाशी येतात. आमच्या ओळीला साळवे होते. त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं, मी एक तुकडा घेतला. मग ताट त्यांनी वर उचललं, आमोसच्या डोक्यावरून नेलं, आणि पलीकडच्या बाईपुढं धरलं. रागानं नाही. नियमानं. आमोस खाली बघत होता, त्यानं हात मांडीखाली घातले होते, लहानपणी घालायचा तसे.

मी विचार करून काही केलं नाही. माझ्या हातातला तुकडा मी मोडला आणि अर्धा त्याच्या मांडीवर ठेवला. तो कुजबुजला, "आई, नको." मी म्हटलं, "घे." एवढं बोलले. पण चर्च शांत होतं, त्यामुळे पुढच्या बाकावरच्या बायका वळल्या. साळवे ताट धरून तसेच उभे होते. आमोसनं तो तुकडा खाल्ला. मग द्राक्षरसाचे छोटे पेले आले. ते घोटभरच असतात, ते वाटून घेता येत नाहीत. तो मी एकटीच प्याले.

सुटल्यावर फाटकाशी साळव्यांनी मला गाठलं. मला वाटलं आता बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार. त्यांचा आवाज मात्र हळूच होता. "पाळकबाई, तुमी तुमच्या लेकराला अर्धा दिला."

मी मागं आमोसकडे बघितलं.

"माझ्या शीलाला कोन देनार? तिची आई तर कवाच गेली."

आमोस पुढं झाला. "काका, मी..."

"तू गप. मी तुज्याशी बोलत न्हाय." ते माझ्याकडेच बघत होते. उत्तर पाहिजे होतं त्यांना. हे असते तर काहीतरी बोलले असते, हसवलं असतं. मी एवढंच म्हटलं, "माझ्याजवळ जागा असते... शेवटच्या बाकावर." साळव्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि ते सायकलीकडे गेले.

त्याला आता महिना होत आला. प्रभुभोजनाचा पाव मीच कापते, लग्न होऊन आले तेव्हापासून. आदल्या दिवशी, शनिवारी, पावाच्या कडा काढायच्या आणि आतल्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, ताटात रचायचे, वर पांढरं फडकं घालायचं. काल शनिवार होता. मी कापायला बसले आणि तुकडे मोठे होत गेले. एक तुकडा मोडला तर दोन होतील, एवढे. ताटात मावेनात. दुसरं ताट घेतलं.

संध्याकाळी ताटं न्यायला साळवे आले. ते काम त्यांचंच. फडकं उचलून त्यांनी बघितलं.

"बाई, तुकडं मोठं झाल्यात की."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी फडकं परत घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. ताटं उचलली नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ओट्यावर कापलेल्या कडा बशीत पडल्या होत्या. दर शनिवारी हे त्या कडा चहात बुडवून खायचे, ताट पुरं होण्याआधीच बशी रिकामी करायचे. साळव्यांनी त्यातली एक कड उचलून तोंडात टाकली आणि हळूहळू चावत राहिले.

"उद्या शीलाला सुट्टी हाय," ते म्हणाले.

मी गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. ते पाटावर बसले.